पासंगातला पाव आणा

माणसाने घडवलेल्या प्रत्येक वस्तूत एक तरी चूक असतेच, आणि ती शोधून काढली नाही तर त्या वस्तूचा घोर अपमान होतो, असं मनापासून मानणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. आमच्या सिल्वासाच्या कॉलनीत त्यांना सगळे 'सासूबाई' म्हणत. माझ्या त्या कोणी नव्हत्या. त्या होत्या आमच्या समोरच्या शेजाऱ्यांच्या सासूबाई. हे शेजारी म्हणजे, मुलांनो, तुमचे आजोबा ज्या कारखान्यात नोकरीला होते तिथली टूलरूम सांभाळणारे साहेब. टूलरूम म्हणजे यंत्रांचे पोलादी साचे जिथे बनतात आणि बिघडले की दुरुस्त होतात ती जागा. नाशिकला शिवणाच्या वर्गावर आयुष्यभर शिकवून, यजमान गेल्यावर सासूबाई मुलीकडे 'जरा हवापालटाला' म्हणून आल्या आणि राहिल्या. हे ऐंशीच्या दशकातलं. मुलाकडे राहणाऱ्या आईबद्दल तेव्हा कुणी अवाक्षर काढत नसे, पण जावयाकडे राहणारी सासू म्हटली की कॉलनीतल्या बायका एकमेकींकडे बघत. त्यामुळे 'सासूबाई' या नावात मान थोडा आणि टोमणा बराच होता. त्यांना तो कळतही होता. "नावं ठेवणाऱ्यांनी निदान खरं नाव ठेवलंय," असं म्हणून त्या पुढच्या कामाला लागत.

घरात मात्र त्या फार जपून वागत. जावईबुवा बैठकीत आले की या स्वयंपाकघरात जात, आणि या बैठकीत आल्या की जावईबुवा बागेला पाणी घालायला निघत. चुकून दोघं एका खोलीत सापडलेच, तर बोलणं मुलीमार्फत चाले. मी स्वतः ऐकलेलं सांगते. हातभर अंतरावर बसलेले साहेब बायकोला म्हणाले, "आईंना विचार, पंखा वाढवू का?" सासूबाई मुलीला म्हणाल्या, "जावईबुवांना सांग, चालेल." मुलगी बिचारी मध्ये बसून शेंगा सोलत होती, तिने वरही बघितलं नाही. भांडण वगैरे काही नव्हतं. साहेब मुळातच अबोल, आणि सासूबाईंनी मनाशी ठरवून ठेवलेलं होतं की ज्या दिवशी या घरात कुणाच्या कपाळाला आठी दिसेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिकची एसटी धरायची. माझ्याजवळ त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. त्यामुळे त्या घरात त्यांचं वागणं रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं असे. सामान आवरलेलं, पाय जवळ घेतलेले.

हा सगळा संकोच फक्त एका बाबतीत गळून पडे, आणि ती बाब म्हणजे जुनी नाणी. त्यांच्याकडे घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं एक भिंग होतं. शिवणाच्या वर्गात मुलींचे टाके तपासायला त्या ते वापरत. निवृत्तीनंतर तपासायला टाके उरले नाहीत, आणि डोळा तर सवयीचा. मग त्या भिंगातून काय वाट्टेल ते बघत. साबणाच्या वडीवरचं उलटं अक्षर, कपबशीची वाकडी वेल, माझ्या बांगडीचा जोड. अशात एकदा जेवताना साहेबांनी बायकोला कारखान्यातली हकीकत सांगितली. एका साच्याला तडा गेला आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक झाकणावर तड्याच्या जागी एक रेघ उमटली, सगळा माल फेकावा लागला. साहेब हळहळत होते. सासूबाईंचा घास हातात राहिला. "म्हणजे आईच्या अंगावरची भेग सगळ्या लेकरांच्या तोंडावर येते!" असं त्या जावयासमोर चक्क मोठ्याने म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांना काय शोधायचं ते सापडलं.

रविवारच्या बाजारात एक भंगारवाला तांब्या-पितळेचा ढीग घालून बसे. फुटके तांबे, घंगाळाच्या कड्या आणि त्यात इंग्रज राजाच्या डोक्याचे काळे पडलेले पाव आणे. ते चलनातून कधीच गेलेले. तो ते वजनावर विके. सासूबाई गोणपाटावर बैठक मारून एकेक नाणं भिंगाखाली धरत. भंगारवाला कळवळून म्हणे, "माजी, आ बधुं सरखुं छे! तांबुं तो तांबुं छे ने!" सासूबाई डोळा न उचलता म्हणत, "सरखं दिसतं रे भाई, सरखं नसतं." सिल्वासावर पूर्वी पोर्तुगीजांचं राज्य होतं, त्या काळातली नाणीही त्या ढिगात येत, पण त्यांना त्या हात लावत नसत. "ते साचे लिस्बनचे. कसली शंका आली तर विचारायला जाऊ कुठे?"

मलाही त्यांनी धडे दिले. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, म्हणून माझं नाव 'इंग्रजीवाली'. "ए इंग्रजीवाले, बोट फिरव यावरून. काय लागतं?" मी म्हणे, रेघ. "रेघ कळली गं, वर आहे का खोल?" सगळं मर्म इथे होतं. नाण्यावरचा ओरखडा खोल असतो. तो नंतर झालेला, कुणीतरी दगडावर आपटला, खिळ्याने उकरलं. पण साच्यालाच तडा गेला असेल तर ठोकताना धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ वर येते, शिवणीतल्या दोऱ्यासारखी. "खोल ते सोसलेलं, वर ते जन्माचं," असं त्या सांगत. दुसरा धडा टिंबाचा. त्या पाव आण्यांवर सालाखाली बारीक टिंब असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, नसेल तर कलकत्त्याचं. एवढ्या दोन गोष्टी कळल्या की कुठलाही शहाणा माणूस बिघडू शकतो, हे मी समोर पाहत होते.

कॉलनीच्या गणपतीत तर त्यांनी कमालच केली. आरतीचं ताट फिरत फिरत त्यांच्यापाशी आलं. त्यांनी एक रुपया टाकला, क्षणभर थांबल्या, आणि ताटातून दुसरा रुपया उचलून कमरेला खोचला. शेजारी कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांच्या भुवया केसांना टेकल्या. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका, देवाचा हिशेब चुकला नाही. याच्यावर एक अक्षर दोनदा ठोकलंय." जावईबुवा तोवर निरांजनातली वात नीट करायला खाली वाकले होते, ते आरती संपून प्रसाद वाटेपर्यंत वर आलेच नाहीत.

आता मुख्य गोष्ट सांगते. सासूबाईंकडे एकाच सालाचे दोन पाव आणे होते, त्यांना त्या 'थोरली' आणि 'धाकटी' म्हणत. थोरलीवर टिंब स्पष्ट होतं, आणि कडेपाशी तांदळाच्या कणीएवढी वर आलेली रेघ. धाकटीवर टिंब अजिबात नव्हतं, पण बरोबर त्याच जागेवरून निघालेली तीच रेघ सालाच्या आकड्यातून आरपार गेलेली. सासूबाईंचं म्हणणं असं की दोघी एकाच साच्याच्या लेकी. ठोकता ठोकता साच्याचा तडा वाढत गेला, आणि टिंबाच्या खाचेत तेलमळ बसून ती बुजली. म्हणजे धाकटीही मुंबईचीच; तिचं टिंब जन्मताना राहून गेलं. वापीला नाणी जमवणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. त्याच्या अध्यक्षांना त्यांनी दोन्ही नाणी दाखवली. अध्यक्षांनी धाकटी हातात घेतली न घेतली तोच निकाल दिला. "बेन, टपकुं नथी एटले कलकत्ता. वात पूरी." टिंब नाही म्हणजे कलकत्ता, विषय संपला. रेघेचं काय विचारल्यावर म्हणाले, योगायोग. टाक्यांवर आयुष्य काढलेल्या बाईला तुम्ही योगायोग म्हणालात तर काय होईल! परत येताना बसमध्ये त्या मला म्हणाल्या, "मधली शोधायची. टिंब अर्धं बुजलेलं, रेघ अर्ध्या वाटेवर. ती सापडली की या माणसाला बोलायला जागा नाही."

मधलीच्या शोधात वर्षं गेली. खानवेलकडून येणाऱ्या बसमधून उतरणाऱ्या बायकांच्या गळ्यात नाण्यांच्या माळा असत, तर त्या थेट त्यांच्या गळ्याशी भिंग नेत. बायका हसून हसून वाकत. आणि मधली सापडली ती भाजी घेताना. जवळच्या अथाल गावची एक म्हातारी वालपापडी विकायला बसे. तिच्या तराजूचं एक पारडं उचल खाई, त्याचा तोल साधायला पासंग म्हणून तिने पारड्याखाली मेणाने एक नाणं चिकटवलेलं होतं. पारडं हललं, नाणं लकाकलं, आणि सासूबाई खाली बसल्या त्या उठेनात.

"बाय, हे काढलं तं माझा तराजू खोटा व्हईल," म्हातारी म्हणाली.

"खोटा कसा होईल? याच्या बदल्यात मी असलाच दुसरा पाव आणा देते. वजन तेवढंच."

म्हातारी संशयाने मागे सरकली. "असलाच देतंस, मंग हाच कशाला पायजे? यात सोनं हाय का?"

"सोनं नाही गं बाई, चूक आहे."

"चूक हाय तं चांगला घेऊन कोन बदली करतो?"

शेवटी सासूबाईंनी पिशवीतले सगळे पाव आणे तिच्यापुढे ओतले. म्हातारीने एकेक लावून, दोन्ही पारडी हवेत धरून, डोळा बारीक करून तपासलं. तिचंही काम चोख होतं. एक पसंत पडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि आम्ही जरुरीपेक्षा पाचपट वालपापडी घेऊन घरी आलो. त्या नाण्यावर टिंब अर्धं होतं आणि रेघ सालाच्या आकड्याला येऊन टेकली होती. सासूबाईंनी ते दोघी बहिणींच्या मधोमध ठेवलं आणि मला म्हणाल्या, "आता वापीला मंडळाचं प्रदर्शन कधी आहे ते विचार." फोटो काढून ठेवावा म्हणून मी लग्नाचे फोटो काढणाऱ्याला बोलावलं, पण त्याने काढलेल्या फोटोत तिन्ही नाणी करपलेल्या पुऱ्यांसारखी आली.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी साहेबांनी मला आणि तुमच्या आजोबांना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी टेबलावर एक पितळी तबक ठेवलं. स्वतःच्या हाताने यंत्रावर कोरलेलं, तीन गोल खाचा, त्यांत तीन नाणी अशी बसलेली की कागदसुद्धा शिरू नये. कारखान्यात साच्यांवर काम करणाऱ्या हाताचं ते काम होतं, बघत राहावं असं. आणि नाणी लखलखत होती, आरशासारखी. साहेबांनी ती बायकोकडून गुपचूप मागून नेली होती आणि फिरत्या कापडी चाकावर घासून आणली होती. त्यांचा चेहरा असा मोकळा मी कधी पाहिला नव्हता. बायकोकडे बघत ते म्हणाले, "आईंना सांग, सगळं काळं काढलंय. आता रेघ त्या माणसाला चष्म्याशिवाय दिसेल."

सासूबाईंनी भिंग लावलं. एक नाणं, दुसरं, तिसरं. मधल्यावर त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मग भिंग काढून म्हणाल्या, "आरसा केलात हो जावईबुवा," आणि मुलीला चहा टाकायला सांगितलं. चहा पिताना त्यांनी तबकाचं इतकं कौतुक केलं की साहेबांनी लाजून बागेची वाट धरली. मी मागच्या ओट्यावर सासूबाईंना गाठलं. त्यांनी हळूच सांगितलं, "मधलीची रेघ गेली. टिंबही गेलं. वर असतं ते आधी घासलं जातं." पोलादाची सवय झालेला हात, त्या चाकाने पोलादाचा केसही हलत नाही. तांबं मऊ, त्यात झिजलेलं. मी म्हणाले, साहेबांना सांगायला हवं. त्यांनी माझा दंड धरला. "खबरदार! इतक्या वर्षांत या माणसाने पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी केलंय. मी तोंड उघडलं तर तो उरलेला जन्म माझ्यासमोरून मान खाली घालून जाईल. मग या घरात राहू कशी?" मी विचारलं, मग प्रदर्शन? "जायचं तर! तबक केलंय ना त्यांनी."

साहेबांनी प्रदर्शनाच्या दिवशी रजा काढली आणि गाडीतून आम्हा तिघींना वापीला नेलं. सासूबाईंनी टेबलावर तबक मांडलं, आणि अध्यक्ष आले. त्यांनी वाकून पाहिलं मात्र, कपाळाला हात लावला. "बेन, ये किसने घिसा? ये तो मशीन पे बफ मारा है!"

बफ म्हणजे ते फिरतं कापडी चाक, शब्द कारखान्याचा. माझ्या शेजारी साहेब ताठ झाले. त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "मी घासलं. चिंच लावून."

"चिंच से ऐसा आईना नहीं बनता, बेन."

"माझ्या हाताला जोर आहे."

अध्यक्षांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. एवढं होऊनही सासूबाई मागे हटल्या नाहीत. थोरलीची कणी कुठे होती, धाकटीवर अजून काय उरलंय, सगळं त्यांनी पहिल्यापासून समजावून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "बीचवाला दिखाओ." त्यांनी मधली पुढे केली. "इसमें तो कुछ नहीं है." सासूबाई म्हणाल्या, "था." ते म्हणाले, "था, मगर है नहीं." मग साहेब पुढे झाले, टेबलावरचं सासूबाईंचं भिंग उचललं आणि मधलीवर वाकले. इतक्या वर्षांत त्यांनी त्यातून कधी पाहिलं नव्हतं. ते बराच वेळ सरळ झाले नाहीत.

परतताना वाटेतलं दादरा मागे पडल्यावर साहेबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरले, आणि मागचं दार उघडून म्हणाले, "आई, जरा खाली येता?" मुलगी माझ्या शेजारी बसली होती, तिच्यामार्फत न येता आलेलं साहेबांचं ते पहिलं वाक्य. तिने माझा हात घट्ट धरला. बॉनेटवर धूळ साचली होती. साहेब म्हणाले, "ती रेघ कुठून कुठे जात होती ते मला काढून दाखवा."

सासूबाईंनी धुळीत बोटाने गोल काढला, साल लिहिलं, टिंब दिलं आणि कडेपासून रेघ ओढली. साहेब निरखून बघत राहिले. "साचा कडक करताना घाई केलीय कुणीतरी. त्याशिवाय तडा कडेपासून असा आत धावत नाही."

"तेच म्हणते मी! योगायोग म्हणे!"

"तुमचं बरोबर होतं, आई. आणि मी ते पुसून टाकलं. मला सांगितलं का नाही? मी आजवर एक साचा बिघडवलेला नाही."

"साचा कुठे बिघडलाय? एक लेकरू बिघडलं," सासूबाई हात झटकत म्हणाल्या. "त्या साच्यातून काय तीनच पडली असतील का? रविवारी बाजार उजाडताच भरतो. उशीर केलात तर चांगला ढीग भंगारवाला बांधून टाकतो, सांगून ठेवते."

पुढच्या रविवारी मी बाजारात गेले तेव्हा गोणपाटावर दोघं होती. साहेबांनी टूलरूममधलं स्वतःचं भिंग आणलं होतं आणि इस्त्रीच्या विजारीनिशी मांडी घातली होती. मग हे दर रविवारी. हळूहळू साहेब सासूबाईंपेक्षाही कडक झाले. त्या म्हणत, "हे बघा, वर वाटतंय." ते बोट फिरवून म्हणत, "नाही आई, खोल आहे. टाका." आणि त्या लहान मुलीसारखं तोंड करून नाणं ढिगात टाकत. सोमवार ते शनिवार त्याच नाण्यावरून स्वयंपाकघरात वाद चाले, इतका मोठ्याने की समोरून मला ऐकू येई. मुलगी म्हणायची, "पूर्वीचं बरं होतं हो, निदान शेंगा तरी सोलून व्हायच्या."

एकोणीसशे नव्वद साल उलटल्यावर काही वर्षांनी साहेबांना पुण्याच्या कारखान्यात चांगली जागा मिळाली. निघायचा दिवस नेमका रविवार आला. दारात ट्रक उभा, माणसं कपाटं उचलतायत, मुलगी एकटीच आवाज देत फिरतेय. तिने मला बाजारात पिटाळलं, "दोघांना घेऊन या." मी जाऊन म्हटलं, "साहेब, ट्रक भरायचाय ना?" वेळेला इतका पक्का माणूस, त्याने मानसुद्धा वर केली नाही. "भरतील ते. आई, तो कोपऱ्यातला ढीग राहिलाय अजून." सासूबाई गोणपाटावरून तशाच कोपऱ्याकडे सरकल्या. मी मुकाट्याने भाजी घेऊन परतले.

सासूबाई पुण्याला गेल्या, त्याला आता खूप वर्षं झाली. साहेबांचा दिवाळीला फोन येतो. मधली सापडली का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. नाही म्हणाले असते तर मला काही वाटलं नसतं. पण हो म्हणाले असते, तर मग पुढच्या रविवारी ती दोघं कुठे गेली असतील, याची मला उगाच काळजी लागून राहिली असती.